पातेऱ्यावरून चालत येणारी आग

वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणारा मुलूख उन्हाळ्यात पेटतो, हे बाहेरच्या माणसाला लवकर पटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोरचा गोवा हिरवा आणि ओला असतो. पण पेडणे किंवा डिचोली तालुक्यात सड्याच्या कडेला ज्याचे घर आहे, त्याला विचारून बघा. शिगम्याच्या दिवसांत वारा सुटलेला असताना कुठून तरी पातेरा जळल्याचा वास आला, की तो हातातले काम टाकून खळ्यात येतो आणि धूर कोणत्या बाजूला वाकलाय ते बघतो. आग केवढी आहे, हा प्रश्न त्याला नंतर पडतो. वारा कुठला, हा आधी.

हा क्रम बरोबर आहे. का बरोबर आहे, आणि तेवढ्याने भागत का नाही, ते या प्रकरणात पाहू.

पाऊसच सरपण पिकवतो

गोव्यातला 90 टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतर नोव्हेंबरपासून मेपर्यंत जमीन जवळजवळ कोरडीच राहते. पेडण्यातले मोपा, धारगळ, तुये आणि डिचोलीतले लाटंबार्से, मेणकुरे या बाजूला जांभ्या दगडाचे सडे आहेत. त्यांच्यावर मातीचा थर पातळ. पावसात हे सडे गवताने भरून जातात, पण पाणी धरून ठेवायला खाली खोल माती नसते. म्हणून दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागते आणि जानेवारीत त्याचा नुसता पेंढा उरतो. पाऊस चांगला झाला तर गवत दाट येते, आणि दाट गवत म्हणजे फेब्रुवारीत जास्त सरपण. वणव्याची तयारी अशी पावसाळ्यातच सुरू होते.

आगीचा अभ्यास करणारे लोक सुक्या काडीकचऱ्याची वर्गवारी जाडीवर करतात, कारण हवेतल्या ओलाव्याशी जुळवून घ्यायला प्रत्येक जाडीला वेगळा वेळ लागतो. बोटभर जाडीपर्यंतच्या फांदीला सुमारे 10 तास लागतात, मनगटाएवढ्या लाकडाला 100 तास. गवताची काडी आणि पातेऱ्याचे पान मात्र तासाभरात बदलते. पहाटे दवाने दमट असलेले गवत अकरा वाजेपर्यंत कडकडीत होते, ते यामुळे. सकाळी काडी लावूनही न पेटलेला बांध दुपारी एका ठिणगीने पेटतो. जागा तीच, गवतही तेच. मध्ये चार तास ऊन लागलेले असते एवढेच.

गवताच्या जोडीला आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली काजूची पाने. ती जाड, चिवट असतात आणि झाडाखाली त्यांचा थरावर थर साचतो. दुसरी रानमोडी. हे बाहेरून आलेले झुडूप पावसाळ्यात बांध, पडीक जमीन, रस्त्याच्या कडा व्यापते आणि उन्हाळ्यात उभ्याउभ्या सुकते. तिसरी अकेशिया. डिचोलीतल्या खनिज खाणींचे मातीचे ढीग झाकायला ही ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली गेली. तिच्या पानासारख्या दिसणाऱ्या पात्या लवकर कुजत नाहीत, त्यामुळे झाडाखाली वर्षानुवर्षांचा थर तयार होतो. वरून हिरवेगार दिसणारे रान खाली असे सुके असते.

गोठा रिकामा, सडा भरलेला

पातेरा पूर्वीही पडत होता आणि गवतही उगवत होते. पण ते जागेवर राहत नव्हते. घराघरात गुरे असत. सड्यावरचे गवत कापून गंजीला लागे, काही शाकारणीला जाई. बायका दाताळ्याने पातेरा ओढून आणत; तो गोठ्यात गुरांखाली अंथरला जाई आणि शेणामुतात कुजून शेताला खत मिळे. सुकी काटकी चुलीत जाई. पावसाळ्यात पिकलेले सगळे सरपण गाव मार्चच्या आत उचलून घरी आणत असे. वणवा अडवायचा म्हणून कुणी हे करत नव्हते, पण त्याने वणवा अडत होता.

आता घरात गॅस आला आणि गोठ्यातली गुरे कमी झाली. तरुण माणसे म्हापसा, पणजीला किंवा कारखान्यात कामाला जातात. काजूची बाग भाड्याने दिलेली असते किंवा हंगामापुरती आठवते. गवत कापायला माणूस लावायचा तर गवताच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त. त्यामुळे जे पूर्वी गोठ्यात जात होते ते आता सड्यावर उभे राहते.

जगात दुसरीकडेही हेच दिसते. हवाई बेटांतल्या लहायना या गावाभोवती एकेकाळी उसाचे मळे होते. मळे बंद पडले, जमिनी पडीक राहिल्या आणि त्यांवर बाहेरून आलेले गवत माजले. 8 ऑगस्ट 2023 रोजी डोंगरावरून जोराचा वारा उतरला आणि त्या गवतातून आलेल्या आगीने गाव भस्म केले. शंभराच्या आसपास माणसे गेली. लहायनाही समुद्राकाठचे, पर्यटकांचे गाव होते, हे आपण लक्षात ठेवावे.

दुपारी फिरणारा वारा

आता वाऱ्याकडे येऊ. उन्हाळ्यात गोव्याचा वारा दिवसातून एकदा तोंड फिरवतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा घाटाकडून समुद्राकडे वाहतो. सूर्य वर आला की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. साधारण दुपारच्या सुमारास हा बदल होतो. किनाऱ्यावरच्या मांद्रे, हरमलला तो आधी जाणवतो, आत साखळी, मयेकडे थोडा उशिरा.

आगीच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ काय? वाऱ्याबरोबर पळणाऱ्या आगीचा आकार लांबट होतो. पुढचे तोंड अरुंद आणि वेगवान, तर दोन्ही बगला लांब पण मंद. पूर्वेच्या वाऱ्याने ती पश्चिमेकडे धावत असते. अशात वारा फिरून वायव्येचा झाला की लांबच्या लांब बगल एका क्षणात तोंड होते. जी कड हळूहळू सरकत होती ती अख्खी पुढे झेपावते. सकाळी “आग आपल्या बाजूला नाही” म्हणून निश्चिंत झालेली वाडी दुपारी नेमकी तिच्या वाटेवर येते.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 रोजी हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. दिवसभर उत्तरेकडच्या गरम वाऱ्याने आगी दक्षिणेकडे धावल्या, संध्याकाळी वारा नैऋत्येचा झाला आणि त्यांच्या लांब बगला पेटून उठल्या. त्या दिवसाच्या आगींत 173 माणसे मेली. तिथले लोक त्या शनिवारला काळा शनिवार म्हणतात.

आपल्याकडे जास्त घातक दिवस ते, ज्या दिवशी समुद्राचा वारा वेळेवर येत नाही. घाटावरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला की तो समुद्राच्या वाऱ्याला दुपार उलटेपर्यंत अडवून धरतो. हा वारा कोरडा असतो आणि घाट उतरताना आणखी तापतो. त्या दिवशी पारा चढतो आणि हवेतला ओलावा उतरतो. आग विझवणाऱ्यांचा एक ढोबळ आडाखा आहे: तापमान 30 अंशांच्या वर, आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी 30 किलोमीटरच्या वर गेला, तर लागलेली आग हाताबाहेर जाईल असे समजून चालावे. गोव्यात पहिली अट मार्चमध्ये रोजच पुरी होते. दुसरी अट समुद्र सहसा पुरी होऊ देत नाही. पूर्वेचा वारा नेमकी तीच पुरी करतो.

मार्च 2023

2023 मध्ये असेच झाले. त्या वर्षीचा फेब्रुवारी 1901 पासूनच्या नोंदींत भारतातला तोपर्यंतचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. मार्चच्या सुरुवातीला गोव्यात पूर्वेचे कोरडे वारे होते आणि हवामान खात्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. ऐन शिगम्याच्या तोंडावर, 5 मार्चच्या सुमारास, सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यात आग दिसली. 1999 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 208 चौरस किलोमीटरचे आहे. पुढच्या काही दिवसांत राज्यातल्या इतर डोंगरांवरूनही आगीच्या बातम्या येत राहिल्या. डोंगर इतके उभे, की बंब पायथ्याशीच थांबायचे. वनखात्याचे कर्मचारी आणि गावकरी टहाळे घेऊन चढले. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे खाली लोंबती बादली बांधून धरण-तलावांतले पाणी उचलत आणि आगीवर ओतत होती.

सत्तरीला लागूनच डिचोली तालुका आहे. तिथल्या काजूच्या डोंगरांची आणि पेडण्याच्या सड्यांची आग अशी देशभर गाजत नाही. ती लहान असते, संध्याकाळपर्यंत विझते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आत कुठेतरी चार ओळी येतात. पण ती घरांच्या जवळ असते. म्हादईचा वणवा जंगलाचा होता. सड्याची आग परसातली असते.

उपग्रह या आगी पाहतात. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यांच्या नोंदींवरून वनखात्यांना सूचना पाठवते. पण यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका महत्त्वाच्या उपकरणाचा एक ठिपका 375 मीटरचा असतो आणि ते आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जाते. तीनला पेटून सातला विझलेली परसामागची आग त्याला दिसेलच असे नाही. ती शेजाऱ्याला दिसते. म्हणून पहिला फोन त्याचाच जायला हवा. अग्निशामक दलाची केंद्रे पेडण्यात आहेत तशी डिचोलीतही आहेत. क्रमांक 101 किंवा 112.

ठिणगी कुणाची?

बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, असे अजूनही सांगितले जाते. आपल्याकडच्या बहुतेक वणव्यांमागे मात्र माणूस असतो. मार्चमध्ये इथे सहसा विजाही पडत नाहीत. मग माणूस काय करतो?

काजूचा हंगाम फेब्रुवारी-मार्चला सुरू होतो. गळलेले बोंडू सापडायला झाडाखालची जमीन मोकळी हवी. ती दाताळ्याने साफ करायला दिवस लागतात, काडीने तासाभरात होते. डोंगरावरच्या मांगरात हुर्राक आणि फेणीच्या भाट्या पेटलेल्या असतात. विस्तवाची राख वाऱ्यावर गेली तरी पुरते. पुढे पेरणीआधी भाजावळ येते. रस्त्याच्या कडेला जाळलेला कचरा, गाडीतून फेकलेले थोटूक, वाऱ्याने फांदीला घासून ठिणग्या टाकणारी वीजवाहिनी हे वर्षभराचे. राखीव जंगलात आग लावणे 1927 च्या भारतीय वन कायद्याने आणि अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. खासगी काजूबागेत लावलेली आग मात्र हद्द ओलांडेपर्यंत कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि वाऱ्याच्या दिवशी हद्द ओलांडायला तिला काही मिनिटे लागतात.

काडी लावणाऱ्या माणसाला आपण काही वाईट करतोय असे वाटत नसते. बापाने, आज्याने हेच केलेले असते. पण आज्याच्या काळी शेजारची बाग झाडून नेलेली असे. आता ती घोट्याएवढ्या पातेऱ्याने भरलेली आहे. काडी तीच आहे, शेजार बदलला आहे.

घर कसे पेटते

ज्वाळांची भिंत येते आणि घर गिळते, असे आपण समजतो. तसे क्वचित होते. अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या जंगलात मुद्दाम लावलेल्या शेंडेआगीसमोर, म्हणजे झाडांच्या शेंड्यांवरून पळणाऱ्या आगीसमोर, लाकडी भिंती उभ्या केल्या. 10 मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. 30 मीटरवरच्या भिंतींना काही झाले नाही. आगीची धग अंतराबरोबर झपाट्याने उतरते. मग दूरची घरे जळतात कशी? त्यांनी दाखवलेली कारणे दोन: वाऱ्यावर उडून येणारे निखारे आणि घरापर्यंत सलग पसरलेले सुके सरपण. कॅलिफोर्नियातले पॅरडाइज गाव 8 नोव्हेंबर 2018 ला जळाले, तेव्हा निखारे मुख्य आगीच्या पुष्कळ पुढे जाऊन पडत होते. त्या आगीत 85 माणसे गेली.

आपल्या घरांचे यात बरेच भले आहे. चिऱ्याची भिंत जळत नाही, मंगळुरी कौलही जळत नाही. पण कौलांखाली वासे आणि रिपा लाकडाच्या असतात, कौलांच्या फटींतून निखारा पोटमाळ्यावर उतरतो, आणि पोटमाळ्यावर आपण काय काय ठेवतो ते आठवून बघा. पन्हळीत पाने साचलेली असतात. मागच्या भिंतीला सरपणाचा ढीग, नारळाची सोडणे आणि माडाची चुडते टेकवलेली असतात. गोठ्याजवळ गंजी असते. निखाऱ्याला घर पेटवायची ताकद नसते, पण सोडणांचा ढीग तो पेटवतो आणि पुढचे काम ढीग करतो.

म्हणून घराभोवतीचे पहिले 10 मीटर सर्वांत महत्त्वाचे. या पट्ट्यात पातेरा नको, वाळके गवत नको, भिंतीला टेकलेले सरपण नको. पन्हळी आणि कौलांवरची पाने जानेवारीत काढायची आणि मार्चमध्ये पुन्हा एकदा. त्यापलीकडे 30 मीटरपर्यंत गवत कापून बुटके ठेवायचे, रानमोडी उपटायची, झाडांच्या खालच्या सुक्या फांद्या तोडायच्या. बागेच्या हद्दीवर तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा काढायची, म्हणजे माती दिसेपर्यंत खरवडलेला पट्टा. झाडलेला पातेरा पेटवायचा नाही. माडाच्या आळ्यात किंवा खड्ड्यात घातला तर पावसाळ्यापर्यंत त्याचे खत होते. ज्याच्या बाजूला कुळागर आहे तो नशीबवान. पाटाच्या पाण्यावरची ती ओली, सावलीची बाग आगीला सहसा आत घेत नाही.

आग समोर आली तर

सड्याच्या आगीला दोन गोष्टी आवडतात: वारा आणि चढ. चढ 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवतावर आधीच झुकून ते तापवत असतात. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा एक गट गवताच्या वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जण गेले. गवताची आग माणसापेक्षा वेगाने डोंगर चढते. म्हणून वर पळायचे नाही. वाऱ्याला आडवे, उताराकडे, रस्त्याकडे किंवा खडकाळ उघड्या जागेकडे जायचे. जळून थंड झालेला काळा भाग दिसायला भयंकर असतो, पण तिथे जळण्यासारखे काही उरलेले नसते. अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

विझवायला जायचे तर टहाळे घेऊन तिघाचौघांनी जावे, आगीच्या पाठीकडून सुरुवात करून बगलेने पुढे सरकावे. तोंडासमोर उभे राहू नये. ज्वाळा डोक्याएवढ्या झाल्या की टहाळ्यांचे काम संपले.

घरात असाल तर दारे-खिडक्या बंद करा, कापडी पडदे काढा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा. पिंप-बादल्या आधीच भरा, कारण तारा जळाल्या की वीज जाते आणि विजेबरोबर विहिरीचा पंपही. गुरांची दावी सोडा. म्हाताऱ्यांना, दमेकऱ्यांना, लहान मुलांना धूर दाटायच्या आधी दुसऱ्या वाड्यावर पोचवा. तोंडावरच्या ओल्या फडक्याने धुरातला बारीक कण अडत नाही, एन-95 मुखपट्टीने बऱ्याच अंशी अडतो. राष्ट्रीय महामार्ग 66 च्या कडेला गवत पेटलेले असेल तर धुरात गाडी घालू नका. आग पुढे गेली तरी काम संपत नाही: पोटमाळा, पन्हळ, गंजी आणि झाडांची धुमसती खोडे पुढचे काही तास पुन्हा पुन्हा पाहावी लागतात.

आखलेली आग

डिचोली तालुक्यातल्या शिरगावात वैशाखात लइराई देवीची जत्रा भरते. व्रत केलेले धोंड पहाटे होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालतात. लाकडांची मोठी रास आधी जळून बसू देतात, निखारे पसरतात, मग माणसे पाय घालतात. जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि भोवती जागती माणसे. होळीचेही तेच, चुलीचेही तेच. या मुलखाला आगीची भीती नाही, तिला हद्द घालायची रीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. काजूच्या डोंगरावर भर दुपारी काडी ओढणारा माणूस ही रीत मोडतो. आणि पातेऱ्याने भरलेले परसू तसेच सोडून देणाराही ती मोडतोच, फक्त त्याचे नाव पुढे येत नाही.

वारा आपल्या हातात नाही, शेजाऱ्याची काडीही फारशी नाही. घराभोवतीचा 10 मीटरचा पट्टा आहे. येत्या पौषात, गवत पुरते सुकायच्या आत, दोन दिवस काढा, दाताळे घ्या आणि तो झाडा. मग शेजाऱ्याला हाक मारा, कारण त्याच्या हद्दीतला पातेरा तुमच्या भिंतीपासून फार लांब नसतो.